पोरांच्या हाती कागद द्या!



तुमचे पोर शाळेतून घरी आले म्हणजे त्यास एकदा विचारून पाहा, की आज इतिहासाच्या तासाला काय शिकलास? ते सांगेल, अमक्या साली लढाई झाली, तमक्या साली तह झाला, अमक्याने राज्य मिळविले आणि तमक्याने बुडविले. मग दुसरा प्रश्न विचारा, की हे तुला कशावरून कळले? पोर म्हणेल, पुस्तकात आहे. बरे, पुस्तक लिहिणारास कशावरून कळले? येथे पोर गप्प बसेल. त्याच्या या गप्प बसण्याबद्दल आम्हांस आज चार शब्द बोलावयाचे आहेत; कारण दोष त्या पोराचा नाही.

इतिहास म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टींची यादी नव्हे. पुरावा शोधावा, तो तपासावा, दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्या आणि मग जो निकाल निघेल तो सांगावा, याचे नाव इतिहास. आमच्या शाळांतून पोरांच्या तोंडात निकाल तेवढा कोंबला जातो. साक्षीपुरावा कपाटात कुलूपबंद राहतो. याला आम्ही शिक्षण म्हणत नाही, पाठांतर म्हणतो. पाठांतराचा धंदा या देशात कोणी चालविला व त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. मंत्र म्हणावयाचा, अर्थ विचारावयाचा नाही, ही त्या धंद्याची पहिली अट होती. पूर्वी तो मंत्र आमच्या कानावरही पडू देत नसत. आता पडू देतात, पाठही करू देतात, त्याला गुणही देतात. तपासू मात्र देत नाहीत. दीडशे वर्षांत सुधारणा झाली ती एवढी!

कोणी म्हणेल, अहो, पुस्तकात साधनांचा धडा आहे की! आहे, आम्हांस ठाऊक आहे. २०१७ साली निघालेल्या सातवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’ हा आहे. धडा चांगला आहे. पण बहुतेक वर्गांत त्याचे होते काय? भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने, अशी तीन नावे पोरे घोकतात. परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ येते, पोर जागा भरते, आणि डोके रिकामे ते रिकामेच राहते. पोहण्याचे तीन प्रकार फळ्यावर लिहून दिले म्हणजे पोरास विहिरीत पोहता येते काय? साधनांची नावे पाठ करणे निराळे आणि एखादे साधन हातात घेऊन त्याची उलटतपासणी करणे निराळे.

यात आमचे काय जाते, असे एखादा कुणबी विचारील. बाबा रे, तुझेच जाते. कागद वाचता न येण्याची किंमत तुझ्याच घराने मोजली आहे. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा काय झाले ते आठव. ज्यांनी पेटीतल्या जुन्या कागदांकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते, ते लोक मोडी वाचणाराच्या शोधात तालुक्याला, जिल्ह्याला खेपा घालू लागले. कागद आपला, आजा आपला, आडनाव आपले. पण वाचावयास माणूस परका! त्या मागणीच्या बाजूने कोणी असो वा विरुद्ध असो, एवढी गोष्ट सर्वांनी पाहिली की आपल्याच घरचा कागद आपल्याला मुका झाला आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, सर्वसामान्य इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान हे सारे मागितले होते. त्यांनी मोडी प्रथम मागितली ती हौसेखातर नव्हे. त्या काळी सावकाराचा रोखा आणि कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते, म्हणून मागितली. शत्रूचे हत्यार ज्या लिपीत लिहिले आहे ती लिपी रयतेच्या पोराने आधी शिकावी, हा त्यातला व्यवहार.

आता कोणी म्हणेल की टीका पुष्कळ झाली, वर्गात करावयाचे काय ते सांगा. सांगतो. एकच धडा घेऊ आणि तो आमच्या घरचाच घेऊ.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे शेतकरी जमले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली, वह्या आणि रोखे मागितले व ते जाळले; काही ठिकाणी घरेही जाळली. हे लोण पुणे जिल्ह्यातून नगर जिल्ह्यात गेले आणि तीसाहून अधिक गावांत पसरले. पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव देऊन चार ओळींत निकाल लावतात. सावकार जुलमी होते, म्हणून शेतकरी चिडले, संपला धडा! पोराने हे पाठ केले म्हणजे त्यास काय कळले? शेतकरी चिडतो, एवढेच ना? ते त्यास घरी रोजच दिसते.

चांगला शिक्षक काय करील? तो पाच चिठ्ठ्या तयार करील आणि वर्गाचे पाच गट करून प्रत्येकाच्या हाती एकेक देईल.

पहिल्या चिठ्ठीवर त्या काळच्या कर्जरोख्याचा मासला. तो गट हिशेब करील. समजा, शंभर रुपये कर्ज आणि दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी व्याज झाले बहात्तर. सावकार म्हणतो, नवा रोखा कर. आता मुद्दल झाले एकशे बहात्तर. आणखी तीन वर्षांनी पुन्हा नवा रोखा. मुद्दल दोनशे शहाण्णवच्या घरात. पुन्हा तीन वर्षे. आता पाचशे नऊच्या जवळपास. नऊ वर्षांत शंभराचे पाचपट, आणि रोख्यावर तर लिहिलेले असते की एवढी रक्कम मुद्दल म्हणून रोख घेतली! पोरे विचारतील, गुरुजी, हा कागद खोटे बोलतो काय? येथून इतिहास सुरू झाला.

दुसऱ्या चिठ्ठीवर १८५९ चा मुदतीचा कायदा. रोख्याची मुदत तीन वर्षेच राहील असे सरकारने ठरविले. हेतू असा, की व्याज साठून रयत बुडू नये. सावकाराने त्याच कायद्याचा फास केला. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. पोरांनी विचार करावा, की कायदा कोणासाठी झाला आणि उपयोगी कोणास पडला? असले प्रश्न आजच्या कायद्यांनाही लागू पडतात, हे शहाण्या पोराच्या आपोआप ध्यानात येईल.

तिसऱ्या चिठ्ठीवर कापसाची हकीकत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकाराची थैली सैल सुटली. युद्ध थांबले, भाव पडला, थैली आवळली. त्याच सुमारास जमिनीची नवी आकारणी होऊन सारा पुष्कळ गावी पन्नास ते शंभर टक्के वाढला. सुप्याच्या आगीतले सरपण कोठून कोठून आले होते, ते यावरून दिसते.

चौथ्या चिठ्ठीवर सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनचा निर्णय. १८७८ साली हा अहवाल पार्लमेंटपुढे गेला. त्यात सावकारावर ठपका आहे आणि वाढलेला सारा हे कारण नव्हे असे म्हटले आहे. आता शिक्षकाने फक्त तीन प्रश्न विचारावे. कमिशन कोणी नेमले? सरकारने. सारा कोणी वाढविला? सरकारने. मग साऱ्याला दोष नाही, असे कोण म्हणतो? तेरा वर्षांचे पोर खदकन् हसेल. पण शिक्षकाने तेथेच थांबू नये. हसणे सोपे आहे. त्याने पुढे विचारावे, की मग कमिशनचा सारा अहवाल टाकाऊ काय? नाही. त्यात रयतेच्या व सावकारांच्या जबान्या आहेत, व्याजाचे दर आहेत, गावोगावचे आकडे आहेत. साक्षीदार एका गोष्टीत खरा असू शकतो आणि दुसऱ्या गोष्टीत स्वतःच्या पोटासाठी गप्प बसू शकतो. कोठे विश्वास ठेवावा आणि कोठे थांबावे, हे ज्यास कळले तो इतिहास शिकला.

पाचव्या चिठ्ठीवर महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाचा सारांश. ते पुस्तक १८८३ साली पुरे झाले. त्यात सावकाराबरोबर सरकारी अंमलदार, कारकून आणि धर्माच्या नावाने लुबाडणारे हेही पिंजऱ्यात उभे केले आहेत. येथे आम्ही स्पष्ट सांगतो, की या चिठ्ठीलाही तेच प्रश्न विचारावे जे चौथीला विचारले. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, त्यास काय दिसत होते व काय दिसत नव्हते? आपल्या माणसाचा कागद म्हणून त्यास सूट द्यावयाची नाही. महात्म्याने उभा जन्म प्रश्न विचारण्यात घालविला. त्याच्या पुस्तकाला प्रश्न विचारल्याने त्याचा अपमान होत नाही, त्याचा वारसा चालतो.

आणि शेवट गोड आहे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात कोर्टाला असा अधिकार दिला, की रोख्यावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे खणून पाहावे. न्यायाधीशाने इतिहासकार व्हावे, असे सरकारला कायदा करून सांगावे लागले! जे १८७९ साली न्यायाधीशास शिकविले, ते अजून आमच्या पोरांस शिकविण्याची वेळ आली नाही काय?

दुसरा मासला घ्या. शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख. बखरींच्या आधारे पुष्कळ वर्षे शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल धरले जात असे. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली १९१६ साली टिळकांनी प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. मग तंजावरास सापडलेले ‘शिवभारत’ १९२७ साली छापून आले. महाराजांच्याच पदरच्या कवींद्र परमानंदाचे ते काव्य. त्यातही तीच तिथी. एकमेकांशी ज्यांचा संबंध नाही अशा दोन साक्षी एक झाल्या. तरी वाद कित्येक वर्षे चालला, आणि आता सरकारी जयंती १९ फेब्रुवारीस होते. पोरांनी तारीख पाठ करावी, जरूर करावी. पण ती कशी ठरली ही हकीकत तारखेपेक्षा शंभरपट मोलाची आहे. पुढच्या पिढीच्या पोरास हेही दिसावे, की कागद सांभाळला देशमुखाच्या घराने, छापला टिळकांनी, आणि खरा ठरविला दुसऱ्या साक्षीने. टिळकांचे आणि आमच्या चळवळीचे किती सख्य होते ते जगजाहीर आहे. म्हणून त्यांनी छापलेला कागद खोटा म्हणावयाचा काय? पुराव्याला जात नसते. त्याला फक्त खरे-खोटे असते.

हे झाले मोठ्या इतिहासाचे. गावच्या इतिहासाला तर पुण्या-मुंबईस जावयाचे कारणच नाही. शाळेच्या कपाटात दाखल्यांचे जनरल रजिस्टर पडले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले, आणि आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. म्हणजे रजिस्टरातली एक ओळ इतिहास असते! मग तुमच्या गावच्या शाळेत पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली? गावकुसाबाहेरचे पहिले पोर केव्हा आले आणि कितवीत शाळा सुटली? बापाचा धंदा या रकान्यात सुतार, कुंभार, लोहार ही नावे केव्हा कमी होत गेली? गुरुजींनी जातीचा रकाना जपून हाताळावा, कोणा जिवंत पोराला खाली पाहावयास लागू नये, आणि जुन्या पानांवरच काम करावे. पण काम करावे.

तलाठ्याकडे सातबारा आहे, फेरफाराची नोंद आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने किती कुळे मालक झाली, ते गावच्या फेरफारात ओळीने दिसते. तेथेच हेही दिसते, की कोणत्या घरातून बहिणींची नावे हक्कसोडपत्राने निघून गेली. हे दुसरे पाहताना आमच्या काही पाटलांना ठसका लागेल. लागू द्या. पुरावा शिकवावयाचा म्हटले म्हणजे तो भटजीच्याच दारात जाऊन थांबेल, आपल्या ओसरीवर येणार नाही, असे कसे होईल?

आणि म्हातारी माणसे? तीही एक दप्तरच आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या बाया गावोगाव अजून आहेत. मिलो ज्वारीची भाकरी कशी लागे, हजेरी कोण मांडी, मजुरी किती दिवसांनी हाती येई, हे त्यांना पोरांनी विचारावे. दोघींच्या सांगण्यात फरक पडेल. तो फरक खोडू नये, वहीत मांडावा, आणि मग कागदाशी ताडून पाहावा. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी आपले सुखदुःख साठविले; हेमा राईरकर व गी पॉइटव्हां यांनी गावोगावच्या बायांच्या साहाय्याने अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिचा इतिहास कोणत्या बखरीत सापडणार? तो तिच्या ओवीतच सापडेल. पण ओवी गोळा करणारी नातच शाळेत ‘मौखिक साधने’ हा शब्द पाठ करीत बसली, तर आजी गेल्यावर मागे शब्द तेवढा उरेल.

आता हरकती घेऊ.

पहिली हरकत: लहान पोरांना हे झेपणार नाही. हे म्हणणाराने कुणब्याचे पोर पाहिलेले दिसत नाही. कोणाच्या बैलाने पिकात तोंड घातले, ते आमचे पोर खुरांच्या ठशावरून सांगते. बांध कोणी कोरला, या भांडणात दोन्ही चुलत्यांचे ऐकून, हद्दीचा दगड पाहून, ते मनात न्याय करून मोकळे होते. त्याची आई मडके वाजवून घेते; ते बाजारात तिच्याबरोबर असते. तपासण्याची अक्कल त्याला घरी मिळते. शाळा ती दाराबाहेर काढून ठेवावयास लावते. परमुलखीही हे काही नवे नाही. इंग्लंडात १९७२ साली स्कूल्स कौन्सिलने तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी असाच उपक्रम काढला. त्यात एका मृत तरुणाच्या खिशातील तिकिटे, चिठ्ठ्या मुलांपुढे टाकून त्याच्या अखेरच्या दिवसाचा माग काढावयास सांगत. अमेरिकेत १९७४ पासून ‘राष्ट्रीय इतिहास दिन’ चालतो व शाळांतली मुले स्वतः संशोधन करून मांडतात. आमच्या शेजारी मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ या संस्थेने सरकारी शाळांतल्या खेड्यातल्या मुलांसाठी अशा धर्तीची पुस्तके केली. होशंगाबादकडच्या पोरांना झेपले ते बारामती-नेवाशाच्या पोरांना झेपणार नाही काय?

दुसरी हरकत: शिक्षकांना वेळ नाही. ही खरी आहे. सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, मोबाईलवर फोटो चढविणे, यांतून गुरुजींची मान वर होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे शिक्षकाला सांगता येतील असे आहे. मग हे कलम पाळावयास लावणे हे पालकांचे काम आहे. गुरुजीला हमालासारखे राबवावयाचे आणि मग पोरांना संशोधक करा म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

तिसरी हरकत मोठी आहे आणि ती बहुधा दबक्या आवाजात येते: पोरे प्रश्न विचारू लागली, तर थोर पुरुषांवरची भक्ती कमी होईल. आम्ही म्हणतो, जी भक्ती पुराव्याने कमी होते ती भक्ती नव्हती, सवय होती. चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांस शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र पोरांच्या हाती द्या. दाणागोटा, गवत बाजारातून विकत घ्यावे, नाही तर रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. हे पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेल्या शेतकऱ्याच्या पोराला महाराज किती मोठे होते ते सांगावयास कोणत्याही भाषणबहाद्दराची गरज उरत नाही. भीती भक्तीची नाही. भीती आहे ती भाषणबहाद्दरांच्या पोटाची.

येथे आपल्याच घरात डोकावणे प्राप्त आहे. भटांनी इतिहास आपल्या सोयीने लिहिला, अशी आमची जुनी तक्रार आहे, व ती पुष्कळ अंशी खरी आहे. पण आज आमच्या मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ जो इतिहास येऊन आदळतो, तो कोण लिहितो? प्रत्येक जातीचा एक स्वतंत्र इतिहास, प्रत्येकाचा पूर्वज सेनापती, प्रत्येकाच्या विरुद्ध शेजारच्या जातीचे कारस्थान! कागद नाही, साल नाही, लिहिणाराचे नाव नाही. खाली एवढेच, की पुढे पाठवा. आणि आमचा शिकलेला तरुण ते पुढे पाठवितो, त्यावर भांडतो, प्रसंगी दगड उचलतो. पोथीला प्रमाण मानू नका म्हणून ज्यांनी जन्म घालविला, त्यांच्या नातवंडांनी मोबाईलला पोथी केले! जुन्या पोथीला निदान एक भटजी लागे. हिला तोही लागत नाही. दगड ज्याच्या हातात येतो ते पोर बहुधा आमचेच असते, खटला त्याच्यावर होतो, नोकरी त्याची जाते. आणि मजकूर लिहिणारा कोठे बसला होता ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘हे कोणी लिहिले, कशावरून लिहिले, दुसरी साक्ष काय?’ हे तीन प्रश्न सातवीच्या वर्गात ज्याच्या अंगवळणी पडले, त्याचा हात दगडाकडे सहसा जाणार नाही. याहून मोठी गरज कोणती?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पाचवीपासून दर आठवड्याला इतिहासाचा एक तास पुराव्याच्या कामासाठी राखून ठेवावा. परीक्षेत एक प्रश्न असा असावा, की न पाहिलेला एक उतारा किंवा चित्र द्यावे व पोराने त्याची तपासणी करावी. गुण तपासणीला द्यावे, पाठांतराला नव्हे. जिल्ह्याजिल्ह्याच्या निवडक जुन्या कागदांच्या नकला, मोडी व बाळबोध शेजारी शेजारी छापून, सरकारने शाळांस फुकट पुरवाव्या. प्रत्येक तालुक्यात मोडी शिकविणारा निदान एक माणूस पगारावर असावा. आणि हे आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हावे. नाही तर भारी फीच्या शाळांतली मुले प्रकल्प करतील आणि आमची पोरे पुन्हा रिकाम्या जागाच भरतील.

सरकार करील तेव्हा करील. तुम्ही उद्यापासून करावयाचे ते सांगतो. घरची पेटी उघडा. जुना कागद रद्दीत घालू नका, देव्हाऱ्यात पुरून ठेवू नका, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. मोबाईलवर त्याचा फोटो काढून तेवढा पोराला शाळेत न्यायला द्या. गावात वीरगळ असेल तर शेंदूर थापण्यापूर्वी त्यावर काय कोरले आहे ते पोराला कागदावर उतरवू द्या. आजीजवळ मुलीला बसवा, वही द्या. शाळा समितीच्या बैठकीस जा आणि विचारा, की इतिहासाच्या तासाला आमच्या पोरांनी या वर्षी कोणता पुरावा तपासला? आणि घरी पोराने तोंड वर करून ‘कशावरून?’ असे विचारले, तर त्यास उद्धट म्हणून धपाटा घालू नका. त्या एका शब्दासाठी तुमच्या आज्या-पणज्यांनी शेणाचे गोळे झेलले आहेत.

सुप्याच्या शेतकऱ्यांपुढे न वाचता येणारा कागद आला, आणि त्यांना तो जाळण्यापलीकडे उपाय सापडला नाही. त्यांच्या पणतवंडांपुढे कागद आला, तर त्यांनी तो वाचावा, तपासावा आणि खोटा असेल तर भर सभेत खोटा ठरवावा. तेवढे बळ पोराला देत नसेल, ती शाळा चालली काय आणि बंद पडली काय, आमच्या लेखी सारखीच!